त्या तारखेला चंद्र कुठे होता

२३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात टेकला. याच तारखेला १०५ वर्षांपूर्वी विंदा करंदीकरांचा जन्म झाला होता. आणि पुढे तीनच दिवसांत, २६ ऑगस्टला, उतरण्याच्या जागेला ‘शिवशक्ती’ हे नाव जाहीर झालं, २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन ठरला. एका तारखेवर कवी, चंद्र आणि राजकारण असे तिघे येऊन बसले.

त्या संध्याकाळी चंद्र स्वतः कुठे होता? निज, म्हणजे अधिक महिन्यानंतरच्या, श्रावणातली शुद्ध सप्तमी होती. अर्ध्याला थोडा कमी असलेला चंद्र दक्षिणेकडे, क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर होता, आणि सूर्य अजून मावळायचा होता. लँडर उतरला त्या जागी चंद्रावरची सकाळ नुकती झाली होती. तिथला दिवस आपल्या सुमारे १४ दिवसांचा. सौर पट्ट्यांवर चालणाऱ्या यंत्राला तो अख्खा मिळावा म्हणून सकाळीच उतरायचं होतं. म्हणजे ती तारीख चंद्रानेच ठरवली होती. विंदांचा वाढदिवस हा योगायोग, सप्तमी हा हिशोब.

रोजची नोंद ठेवणाऱ्या माणसाला हा फरक कळायला हवा असं मला फार वाटतं. आज कोणाचा जन्मदिवस, आज राजकारणात काय झालं, आज कोणती कविता वाचली आणि आज चंद्र कसा होता, या चार गोष्टी रोज लिहिणारे बरेच जण आहेत. पहिल्या तीन मोबाईलवर आयत्या येतात. चौथी डोकं वर करून बघावी लागते. पण या चौथ्या गोष्टीने उरलेल्या तिन्हींची परीक्षा घेता येते. निदान जन्मदिवसांची तर फारच चांगली.

आधी वहीबद्दल, कारण वही चुकीची निवडली की नोंद वर्षभरात बंद पडते. दुकानातली डायरी एका वर्षाची असते. ती भरली की कपाटात जाते आणि मागच्या वर्षी याच दिवशी काय लिहिलं होतं ते कोणी उघडून बघत नाही. त्याऐवजी मोठं, चारशे पानी रजिस्टर घ्यावं. दोन लागतात, सहा-सहा महिन्यांसाठी. एका तारखेला समोरासमोरची दोन पानं द्यायची आणि दर वर्षाला आडवी एक ओळ, डाव्या पानापासून उजव्या पानापर्यंत. पानाच्या माथ्यावर त्या तारखेला जन्मलेल्या कलावंतांची नावं एकदाच लिहायची, कारण ती दर वर्षी तीच राहणार. खाली रकाने तीन: चंद्र, राजकारण, कविता. चंद्राला अरुंद रकाना पुरतो. राजकारणाला निम्मी जागा ठेवावी, नाहीतर तेच सगळीकडे पसरतं.

दोन-तीन वर्षं गेली की चंद्राच्या रकान्यात एक गंमत दिसायला लागते. बारा चांद्रमास मिळून ३५४ दिवस आणि थोडे तास होतात, तारखेचं वर्ष ३६५ चं. म्हणून पुढच्या वर्षी त्याच तारखेला चंद्र साधारण ११ तिथ्या पुढे गेलेला असतो. यंदा शुद्ध तृतीया असेल तर पुढच्या वर्षी चतुर्दशीच्या आसपास, त्याच्या पुढच्या वर्षी वद्य दशमीच्या आसपास. तीन वर्षांत ३३ तिथ्या, त्यातून ३० गेल्या की उरल्या तीन. म्हणजे तिसऱ्या वर्षी चंद्र जवळपास जागेवर येतो, पण तीन तिथ्या पुढे. आठव्या वर्षी त्याहून जवळ येतो. आणि एकोणिसाव्या वर्षी जवळजवळ बरोब्बर. १९ सौर वर्षांचे ६९३९.६० दिवस होतात आणि २३५ चांद्रमासांचे ६९३९.६९. फरक दोन तासांचा. आपल्या पंचांगात १९ वर्षांत सात अधिक मास येतात तेही याच हिशोबातून.

म्हणून माणसाच्या एकोणिसाव्या, अडतिसाव्या, सत्तावन्नाव्या वाढदिवसाला आकाशात साधारण जन्मावेळचाच चंद्र असतो. लीप वर्षामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडतो, एवढंच. विंदा जन्मले तेव्हा पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. तसा चंद्र त्या तारखेला २०१३ मध्ये आला होता, आता २०३२ मध्ये येईल. २०२३ चा सप्तमीचा चंद्र विंदांच्या जन्मवेळचा नव्हता.

आता खरी परीक्षा. बहिणाबाई चौधरींचा जन्म असोद्याला, महाजनांच्या घरी, २४ ऑगस्ट १८८० रोजी, नागपंचमीच्या दिवशी झाला, असं वाक्य आपल्याकडे सर्रास छापलं जातं. तारीखही आहे, तिथीही आहे. दोन्ही एकाच दिवसाच्या असतील तर जुळायला हव्यात. नागपंचमी म्हणजे श्रावण शुद्ध पंचमी, अमावास्येनंतर चार-पाच दिवसांची कोर.

१८८० मध्ये १९ च्या पाढ्यातली सातवी संख्या मिळवायची. १३३ मिळवले की २०१३ येतं. २०१३ चं जुनं कॅलेंडर काढून बघा. नागपंचमी ११ ऑगस्टला आहे. २४ ऑगस्टला वद्य तृतीया-चतुर्थीचा चंद्र आहे, रात्र पडल्यावर उगवणारा. १८८० ला हेच लागू केलं तर २४ ऑगस्टला पंचमी शुद्धातली येऊच शकत नाही. दिवसादिवसाची घट-वाढ धरली तरी तेरा दिवसांचं अंतर भरून निघत नाही. ११ ऑगस्ट १८८० च्या आसपास मात्र पंचमी नेमकी बसते.

मग खरं काय धरायचं? मी तिथीच्या बाजूने आहे. त्या काळात खेड्यातल्या शेतकरी घरात इंग्रजी तारखेची नोंद ठेवण्याचं कारण नव्हतं. मुलगी नागपंचमीला झाली, हे मात्र घरात कोणी विसरत नाही. सण दर वर्षी येतो आणि आठवण करून देतो. तारीख नंतर कोणीतरी काढली असणार, आणि अशा रूपांतरात चूक होणं फार सोपं असतं. स्वतः लिहू-वाचू न शकणाऱ्या या बाईंच्या ओव्या तोंडच्या होत्या, इतरांनी कागदावर उतरवल्या. त्यांच्या जन्मदिवसाचंही तसंच झालं. २४ ऑगस्टला त्यांना अभिवादन करायला काहीच हरकत नाही, ती तारीख आता रूढ आहे. पण रजिस्टरमध्ये दोन्ही पानांवर त्यांचं नाव असावं आणि ११ ऑगस्टच्या पानावर शेजारी ‘नागपंचमीशी जुळते’ एवढं लिहावं.

१९ चा पाढा ज्या वर्षाला लागू पडतो त्याचं जुनं कॅलेंडर हाताशी नसेल तर सरळ दिवस मोजायचे. ६ जानेवारी २००० ला रात्री पावणेबाराच्या सुमारास अमावास्या होती. चांद्रमासाची सरासरी लांबी २९.५३०५९ दिवस. एवढे दोन आकडे पुरतात. कुसुमाग्रजांचा जन्म २७ फेब्रुवारी १९१२ चा. तिथून ६ जानेवारी २००० पर्यंत ३२,०९० दिवस. त्यात १०८६ पूर्ण चांद्रमास बसतात, म्हणजे ३२,०७०.२२ दिवस, आणि १९.७८ उरतात. हे उरलेले दिवस २९.५३ मधून वजा केले की ९.७५ येतात. त्या रात्री चंद्र पावणेदहा दिवसांचा होता, म्हणजे शुद्ध दशमीच्या आसपासचा, माथ्यावरून पश्चिमेला कलून उत्तररात्री मावळणारा. २०२६ च्या २७ फेब्रुवारीला फाल्गुन शुद्ध एकादशी आहे. १९१२ पासून ११४ वर्षं, एकोणीस सख्खं एकशे चौदा. एका तिथीच्या फरकाने चंद्र परत आला.

या पद्धतीत चूक किती होते तेही माहीत असावं. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने तो कधी वेगाने जातो, कधी रेंगाळतो. सरासरीने काढलेली अमावास्या खऱ्या अमावास्येच्या सुमारे १४ तास पुढे-मागे असू शकते. म्हणून या हिशोबावर ‘दशमीच’ असं ठासून सांगू नये, ‘नवमी ते एकादशी’ म्हणावं. तेरा दिवसांची चूक पकडायला हे साधन पुरेसं आहे, एका दिवसाचा वाद सोडवायला नाही. आणि दिवसांची वजाबाकी एक्सेलमध्ये करत असाल तर सांभाळा. १९०० च्या आधीच्या तारखा एक्सेलला कळत नाहीत, आणि १९०० हे वर्ष तो चुकून लीप वर्ष धरतो. बहिणाबाई, केशवसुत, बालकवी सगळे १९०० च्या आधीचे. त्यांच्यासाठी हाताने मोजलेलं बरं.

प्रत्येक वाद चंद्राने सुटत नाही. केशवसुतांची जन्मतारीख ७ ऑक्टोबर १८६६ अशी छापतात आणि १५ मार्च १८६६ अशीही सापडते. सोबत तिथी नसेल तर चंद्र काही बोलत नाही. दोन्ही तारखा लिहाव्यात आणि पुढे जावं. १ जून ही तारीख दिसली की मात्र थबकावं. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या, मुलाला घेऊन आलेल्या बापाला तारीख सांगता यायची नाही, आणि मास्तर दाखल्यावर १ जून टाकून मोकळे व्हायचे. एका पिढीतले कितीतरी लोक कागदावर १ जूनला जन्मलेले आहेत. नारायण सुर्व्यांचं तर त्याहून वेगळं. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला ते तान्हे असताना सापडले. त्यांच्या नावापुढची १५ ऑक्टोबर १९२६ ही तारीख वाचताना ही गोष्ट शेजारी ठेवावी. तिथे चंद्राचं गणित करायला जाऊ नये.

शब्दांचीही थोडी काळजी घ्यावी लागते. हयात माणसाचा वाढदिवस असतो, गेलेल्याची जयंती. सकाळी सकाळी हयात गायिकेच्या फोटोखाली ‘जयंतीनिमित्त’ लिहून आलेला निरोप पुढे ढकलण्याआधी क्षणभर थांबावं. ‘पुण्यतिथी’ हा शब्द तर रोज वापरला जातो आणि पाळली जाते ती तारीख. तिथी फक्त शब्दात उरली आहे.

संतांच्या बाबतीत ती शाबूत आहे. तुकारामांची बीज म्हणजे फाल्गुन वद्य द्वितीया. ज्ञानेश्वरांची समाधी कार्तिक वद्य त्रयोदशीची. तुकारामांच्या निर्याणाच्या वर्षावर अभ्यासकांचे वाद आहेत, बीजेवर नाहीत. देहूला जाणाऱ्या माणसाला वर्ष ठाऊक असण्याची गरज नाही. पौर्णिमेनंतर दुसऱ्या दिवशीचा, सूर्य मावळल्यावर तास-दीड तासाने उगवणारा, किंचित झिजलेला चंद्र त्याला पुरतो. संतांचे दिवस चंद्राकडे राहिले आणि आधुनिक कवींचे सूर्याकडे गेले, असा हा फरक आहे. रजिस्टर तारखेचं असल्यामुळे संत त्यात एका पानावर स्थिर बसत नाहीत. शेवटी दोन कोरी पानं ठेवून चैत्र ते फाल्गुन अशी त्यांची वेगळी यादी करावी.

बीजेच्या दुसऱ्याच दिवशी, फाल्गुन वद्य तृतीयेला, तिथीप्रमाणे शिवजयंती येते. आणि इथे तारीख-तिथीचा प्रश्न कवितेच्या वहीतून उठून थेट राजकारणात जातो. जन्म शके १५४९ मधल्या वैशाखातला की शके १५५१ मधल्या फाल्गुनातला, यावर दीर्घकाळ वाद झाला. आता राज्य सरकार १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मानतं, आणि तिथीने साजरी करणारेही आहेत. या वादात एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. १९ फेब्रुवारी ही ज्युलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या, गणनेतली तारीख आहे. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन गणनेत तो दिवस १ मार्च १६३० पडतो. चंद्राचं गणित केलं तर हे लगेच दिसतं. १ मार्च धरली की वद्य द्वितीया-तृतीया येते, आणि १९ फेब्रुवारी ग्रेगोरियन समजून मोजली तर शुद्ध पक्ष येतो. इतिहासकारांनी हे जाणूनबुजून असंच ठेवलं आहे, कारण त्या काळच्या इंग्रजांच्या कागदपत्रांत जुनीच गणना आहे. इंग्लंडने नवी गणना १७५२ मध्ये घेतली. तिथे २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर उजाडला.

परदेशी कलावंतांच्या तारखा लिहितानाही हाच खड्डा आहे, विशेषतः रशियन लेखकांच्या. रशियाने जुनी गणना १९१८ पर्यंत चालवली. अठराव्या शतकातल्या तारखेत ११ दिवस मिळवायचे, एकोणिसाव्यात १२, विसाव्यात १३. पुश्किनचा जन्म २६ मे १७९९, नव्या गणनेने ६ जून. टॉल्स्टॉयचा २८ ऑगस्ट १८२८, नव्या गणनेने ९ सप्टेंबर. दोनदा मिळवू नका, एवढंच. ही चूक फार होते, कारण आधीच बदललेली तारीख समोर असते आणि आपण ती पुन्हा बदलतो.

दिनदर्शिका ही राजकारणाची वस्तू आहे, हे एकदा लक्षात आलं की रोजच्या नोंदीतला राजकारणाचा रकाना वेगळा दिसायला लागतो. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. ती सौर आहे. महिन्यांची नावं चैत्र-वैशाख असली तरी चंद्राशी तिचा संबंध नाही. २३ ऑगस्ट २०२३ हा तिच्यात १ भाद्र १९४५ होता आणि पंचांगात निज श्रावण शुद्ध सप्तमी. सरकारी पत्रावरची अशी तारीख बघून कोणी तिथी समजलं तर घोटाळा होतो. घड्याळाचंही तसंच. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागची मुंबई वेळ धरून ठेवली, पार १९५५ पर्यंत. त्या काळातल्या मुंबईकर कलावंताची जन्मवेळ कुठे सापडली तर ती कोणत्या घड्याळाची, हा प्रश्न आधी विचारावा.

राजकारणाच्या रकान्यात काय लिहावं? झालं ते. वाटलं ते शेवटच्या कोपऱ्यात, वेगळ्या शाईने. ३ ऑक्टोबर २०२४ च्या ओळीत ‘ऐतिहासिक निर्णय’ असं लिहिलं तर दहा वर्षांनी काय कळणार? ‘केंद्रीय मंत्रिमंडळ: मराठी, पाली, प्राकृत, आसामी, बंगाली यांना अभिजात दर्जा’ एवढं लिहिलं की पुरे. चंद्राच्या रकान्यात त्या दिवशी ‘आश्विन शुद्ध प्रतिपदा, दिसणं शक्य नाही’. घटस्थापना होती.

दुसरं, एखादी गोष्ट नेमकी कोणत्या टप्प्यावर आहे ते लिहावं. घोषणा झाली, मंत्रिमंडळाने ठरवलं, विधेयक मांडलं, सभागृहात मंजूर झालं, राष्ट्रपतींची संमती मिळाली, राजपत्रात आलं, अंमल सुरू झाला, हे सगळे वेगवेगळे दिवस असतात. बातमीत पहिल्या दिवशीच ‘कायदा झाला’ म्हणून टाकतात. महिला आरक्षणाची १०६ वी घटनादुरुस्ती घ्या. लोकसभेत २० सप्टेंबर २०२३ ला ४५४ विरुद्ध २ मतांनी, राज्यसभेत २१ ला २१४ विरुद्ध शून्य, राष्ट्रपतींची संमती २८ ला. आणि प्रत्यक्ष आरक्षण जनगणना आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेला बांधलेलं. एका विषयाच्या तीन तारखा तीन पानांवर जातात आणि पुढचं पान कोणतं ते त्या दिवशी लिहिणाऱ्याला ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक ओळीत आधीच्या पानाची तारीख कंसात घालावी. वर्षांनी मागे जाता येतं. मतांचे आकडे लिहावेत, विशेषणं गाळावीत. अध्यादेश निघाला असेल तर ‘अध्यादेश’ असंच लिहावं. अधिवेशन पुन्हा सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत सभागृहांनी मान्यता दिली नाही तर तो गळून पडतो, आणि ते गळून पडणं बातमीत फारसं येत नाही.

काही पानांवर राजकारण आणि कलावंत एकाच ओळीत येतात. १ ऑगस्ट १९२०. मुंबईत लोकमान्य टिळक गेले, आणि याच तारखेला वाटेगावला अण्णाभाऊ साठे जन्मले. महाराष्ट्रात त्या दिवशी दोन वेगवेगळ्या ठिकाणी हार चढतात आणि बऱ्याचदा दोन वेगवेगळ्या भाषणांत एकमेकांचं नाव येत नाही. पानावर मात्र दोघं शेजारी लिहायचेच.

१५ ऑगस्टचं पान तर चंद्रासाठीच उघडावं. १९४७ च्या त्या मध्यरात्री आकाशात चंद्र नव्हता. अधिक श्रावण चालू होता, अमावास्या दीड-पावणेदोन दिवसांवर आलेली, आणि झिजलेली कोर पहाटे सूर्याच्या थोडी आधी उगवणार होती. त्यात चार वेळा १९ मिळवा, २०२३ येतं. २०२३ चा १५ ऑगस्टही अधिक श्रावणात, अमावास्येच्या आदल्या दिवशी. शहात्तर वर्षांनी तोच महिना, तोच पक्ष, तोच काळोख. माणसाने चंद्रावर पाऊल ठेवलं तेव्हाही आपल्याकडे चंद्र नव्हता. अपोलो ११ चं यान उतरलं तेव्हा भारतात २१ जुलै १९६९ ची पहाट व्हायची होती, रात्रीचे पावणेदोन, आणि सहा दिवसांचा चंद्र तोवर मावळून गेला होता. म्हणून आपल्या पानावर ही नोंद २१ जुलैला जाते, २० ला नाही.

कवितेचा रकाना सगळ्यात लहान ठेवला तरी चालतो. कवी, संग्रह, पान, पहिले दोन शब्द. पूर्ण कविता दुसऱ्या वहीत, हाताने. हाताने अशासाठी की ओळ कुठे तुटते ते डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतं. मोबाईलवर फिरणाऱ्या कवितेत ओळी पडद्याच्या रुंदीने तुटलेल्या असतात, अनुस्वार उडालेले असतात, आणि खाली भलत्याच मोठ्या कवीचं नाव असतं. छापील संग्रहात पान सापडेपर्यंत ती वहीत घेऊ नये.

अभंगाच्या बाबतीत आणखी एक तपासणी हाताशी आहे, चंद्राच्या गणिताइतकीच साधी. मोठ्या अभंगात एका कडव्याचे चार चरण. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. यमक बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. जोडाक्षर एकच अक्षर धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाने फरक पडत नाही. उतरवून झालं की बोटावर मोजा. एखाद्या चरणात पाच किंवा सात आली तर शब्द गळला आहे किंवा कोणीतरी जुना शब्द काढून नवा घातला आहे. जुन्या ‘तया’चं ‘त्याला’ झालं की अक्षरांची संख्या तीच राहते, म्हणून असा बदल मोजून सापडत नाही, वाचूनच सापडतो. पण ‘तुझे’चं ‘तुझिया’ झालं की लगेच पकडला जातो. संतांच्या रचनेत अधूनमधून एखादं अक्षर कमी-जास्त असतंच, गाताना ते भरून निघतं. म्हणून मोजणीत अडलं की दुरुस्त करू नये, छापील गाथेकडे जावं.

कवितेतल्या चंद्रालाही हाच डोळा लावता येतो. संध्याकाळी ‘उगवणारी’ चंद्रकोर नसते. संध्याकाळी दिसणारी कोर मावळतीला निघालेली असते. उगवणारी कोर बघायची तर वद्य द्वादशी-त्रयोदशीला पहाटे उठावं लागतं. पौर्णिमेचा चंद्र दिवेलागणीला माथ्यावर येत नाही, तेव्हा तो पूर्वेला नुकता वर येत असतो. कोरीच्या दोन टोकांच्या मध्ये तारा दिसत नाही, कारण तिथे चंद्राचाच अंधारा भाग आहे. कवीला हे सगळं मोडायचा हक्क आहे. पण ज्या कवीने मोडलेलं नाही, त्याने तो चंद्र खरोखर पाहिला होता हे वाचताना जाणवतं, आणि मला त्या कवितेबद्दल जास्त माया वाटते.

आता प्रत्यक्ष बघण्याबद्दल. रकान्यात चार गोष्टी पुरेत: वेळ, दिशा, उंची, उजळ बाजू. उंची मोजायला हात सरळ लांब करून मूठ धरावी. एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश. क्षितिजापासून चंद्रापर्यंत मुठीवर मूठ किती बसतात ते लिहायचं. संध्याकाळी उजळ बाजू पश्चिमेकडे असली तर शुद्ध पक्ष, आणि पहाटे पूर्वेकडे असली तर वद्य. शुद्ध द्वितीया-तृतीयेला कोरीच्या आतला काळा भाग अंधूक राखाडी दिसतो. तो पृथ्वीवरून परावर्तित झालेला उजेड. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे हीच कोर होडीसारखी आडवी होते. क्षितिजावरचा पौर्णिमेचा चंद्र मोठा वाटला तर हात लांब करून करंगळीच्या टोकाने झाकून बघा, आणि माथ्यावर आल्यावर पुन्हा. दोन्ही वेळा करंगळीखाली सारखाच, आणि जागा उरवून, मावतो.

वेळेचा अंदाज सोपा आहे. पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पुढे रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा, आणि वद्य अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास. म्हणून वद्य पक्षात लोकांच्या वह्या कोऱ्या राहतात. त्यांनी सकाळी बघावं. वद्य सप्तमी-अष्टमीचा चंद्र सकाळी नऊ वाजताही पश्चिमेला फिकट दिसत असतो. संकष्टीच्या दिवशी कॅलेंडरवर चंद्रोदयाची वेळ असते, पण ती कोणत्या गावाची ते बघावं. नागपूर मुंबईच्या सहा अंशांहून थोडं जास्त पूर्वेला, म्हणून तिथे चंद्र सुमारे २५ मिनिटं आधी उगवतो. तिथी लिहिताना रात्री चालू असलेली लिहावी. पंचांगात त्या दिवसाच्या नावावर असते ती सूर्योदयाची तिथी, आणि तिथी १९ तासांपासून २६ तासांपर्यंत कितीही लांबीची असल्याने रात्रीपर्यंत ती बदललेली असू शकते.

मोबाईलने फोटो काढाल तर पांढरा गोळा येईल. पडद्यावर चंद्रावर बोट ठेवून उजेड बराच खाली ओढल्याशिवाय डाग दिसत नाहीत. आणि पावसाळ्यात जे दिसलं तेच लिहावं. जून ते सप्टेंबर या पानांवर ‘ढग, दिसला नाही’ असं ओळीमागून ओळीत येईल. पंचांगात बघून ‘सुंदर चंद्र’ लिहिण्याचा मोह टाळावा. नाहीतर पुढे हा रकाना कशाचीच साक्ष देऊ शकणार नाही.

रजिस्टर आखताना प्रत्येक तारखेला वीस ओळी आखाव्यात. एकोणीस वर्षं गेली की विसाव्या ओळीत चंद्र पहिल्या ओळीतल्यासारखा येतो, आणि दोन्ही ओळी एकाच पानावर वर-खाली दिसतात. ज्यांनी २३ ऑगस्टच्या पानावर पहिली ओळ २०२३ मध्ये लिहिली, त्यांची विसावी २०४२ ची. त्या संध्याकाळी सप्तमी-अष्टमीचा, अर्ध्याच्या आसपासचा चंद्र दक्षिणेकडे असेल. ढग नसले तर.